उत्तर येईपर्यंत

"ध्रुव सकाळी कधी उठतो?" शिवलीलाने विचारलं.

अमृताला प्रश्न नीट ऐकू आला. उत्तरही ठाऊक होतं. ध्रुवला रोज तीच उठवत होती. पण शाळा असली की वेगळी वेळ, सुट्टी असली की वेगळी, आणि मध्यंतरी खोकल्यामुळे तो उशिराच उठत होता. यातलं नेमकं कोणतं सांगायचं हे ठरेपर्यंत तिच्या वडिलांनी उत्तर देऊन टाकलं.

"साडेसहाला. शनिवारी जरा लोळतो."

"काका," शिवलीला म्हणाली, "पोरगं तुम्हाला पाहिजे आहे की हिला?"

रत्नाकर ओशाळले. "नाही, नाही. बोलू दे तिला."

"बोलू दे म्हणता आणि तुम्हीच बोलता. मी आता परत विचारतो. तुम्ही तोंडात वेलदोडा धरा बघू."

शिवलीला अथणीकडची. तिकडच्या बायकांसारखी 'मी विचारतो, मी जातो' असंच बोलायची. जयनगरला यांच्याच गल्लीत तिचं वकिलीचं ऑफिस होतं. कोर्टातून परतताना ती तडक यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून आधी कॉफी मागायची. अमृता आणि रणजीत यांचा घटस्फोटाचा दावा चालू होता, आणि मुलगा कोणाकडे राहणार यावर सगळं अडलं होतं. पुढच्या आठवड्यात कोर्टाच्या समुपदेशक बाई अमृताला भेटणार होत्या. ध्रुव कोणाकडे असावा याबद्दल त्या आपलं मत लिहून देतील, आणि निकाल लागेपर्यंत न्यायाधीश बहुधा तेच धरतील, असं शिवलीलाचं म्हणणं होतं. म्हणून ही तालीम.

तालमीची कल्पना रत्नाकरांची. सरकारी विमान कारखान्याच्या डिझाइन विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे मोठ्या बैठकीच्या आधी ते लोक समोरचा काय काय विचारू शकेल ते सगळं काढून ठेवत आणि एकेकाचं उत्तर तयार करत. तसंच त्यांनी आता केलं होतं. मुलाचं खाणं, दुखणीखुपणी, शाळा, अभ्यास, मोबाइल, झोप. अमृताने आठवडाभर ते घोकलं. शेवटच्या दिवशी शिवलीलाचा प्रश्न संपायच्या आत उत्तर येऊ लागलं.

"आता कशी घडाघडा बोलतेस बघ," शिवलीला म्हणाली. "कोण म्हणेल हिला वेळ लागतो म्हणून?"

रत्नाकरांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. अमृतालाही बरं वाटलं. फक्त बोलत असताना आपण कुठेतरी दुसरीकडेच उभे आहोत असं तिला सारखं वाटत होतं.

लहानपणापासून ती अशीच होती. मंद म्हणावं तर गणितात वर्गातल्या पहिल्या काही मुलींत तिचं नाव असायचं. पण पेपर कधी पुरा व्हायचा नाही. लिहिलेलं सगळं बरोबर आणि शेवटची पानं कोरी. बाई म्हणायच्या, घरी येतं ते इथे का येत नाही, आळशी आहे मुलगी. घरात तिला कोणी कधी आळशी म्हटलं नाही. घरात वेगळंच घडलं. पाहुण्यांनी विचारलं, कितवीत आहेस गं, की आई सांगायची. दुकानदाराने विचारलं की बाबा सांगायचे, "ती म्हणतेय, निळा नको." ती काहीच म्हणालेली नसायची, पण निळा नको हे खरं असायचं, म्हणून तिनेही कधी हरकत घेतली नाही. आपल्या मनातलं बोलून दाखवणारं माणूस शेजारी असलं की तोंड उघडावं लागत नाही. ती माया होती यात शंका नाही. नुसती मायाच होती का, हे सांगणं कठीण आहे.

आई गेली तरी बाबा होतेच.

बाहेरचं जग मात्र तिच्या वतीने बोलत नाही. बँकेचा ओटीपी यायचा. ती आकडे वाचून, पुन्हा ताडून टाकायला जायची तोवर त्याची मुदत संपलेली असायची. दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, काउंटरवरचा माणूस वर न बघता विचारायचा, काय पाहिजे, आणि मागून कोणीतरी "स्वल्प बेगा, अक्का," म्हणून घाई करायचं. म्हणून ती नेहमी खाली दोसाच, म्हणजे साधा दोसा, मागायची. तिला खाली दोसा आवडायचा असं नाही. तो शब्द तयार होता एवढंच. चार जणांत कोणी विनोद केला की ती इतरांच्या मागून हसायची, आणि ते हसू इतकं एकटं पडायचं की पुढे पुढे तिने हसणंच सोडून दिलं. तिचं काम शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्याचं. घरी बसून, एक एक ओळ. त्या कामात तिची कधी चूक निघाली नाही. पण त्या कामात कोणी प्रश्न विचारत नव्हतं.

याला काही नाव असू शकतं हे या वर्षीच कळलं. शिवलीलानेच बापलेकीला एका मानसतज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे दोन सकाळी चाचण्या झाल्या. मग त्या तरुण बाईने दोघांना समोर बसवून सांगितलं, "बुद्धीत काहीही कमी नाही. उलट चांगलीच आहे. पण ऐकलेलं आत पोचणं, त्याची जुळणी होणं आणि उत्तर बाहेर येणं, याला हिला इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. हा आजार नाही, त्यामुळे औषधही नाही. आजूबाजूच्या माणसांना थोडं थांबावं लागेल." मग रत्नाकरांकडे वळून ती म्हणाली, "तुम्हाला सर्वांत जास्त. तिच्या वतीने बोलू नका. ती गप्प असते तेव्हा ती रिकामी नसते, कामात असते. ती शांतता सोसायला शिका."

रिक्षात रत्नाकर बराच वेळ बाहेर बघत होते. "आम्हाला वाटायचं, तुला संकोच आहे," ते म्हणाले. "म्हणून आपलं..." आणि वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

अमृताला त्या दिवशी हलकं वाटलं होतं. ते शिवलीलाने अहवाल वाचेपर्यंत टिकलं.

"कागद चांगला आहे," शिवलीला म्हणाली. "पण दोन्हीकडून कापतो बघा हा. आपण म्हणणार, हुशार आहे, फक्त वेळ द्या. ते म्हणणार, बघा, यांच्याच डॉक्टरने लिहून दिलंय, हिला वेळ लागतो. रस्त्यावर पोरापुढे गाडी आली तर ती गाडी वेळ देती का?"

शिवलीलाने अहवाल मिटून टेबलावर ठेवला.

"अहवाल नको लावू या. बाईंना मी तोंडी सांगतो, जरा सावकाश घ्या म्हणून."

रणजीत वाईट माणूस नव्हता. तो पुण्याचा, महादेवपुऱ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि सगळं भराभर करायचा. लग्न ठरलं तेव्हा तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा, "ही विचार करून बोलते. आमच्याकडे कोणीच करत नाही विचार." वर्षभरात कौतुक संपलं. भांडणात तो एक प्रश्न विचारायचा, आणि ती त्या प्रश्नाला भिडते न भिडते तोवर त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. "बोल ना. से समथिंग, अमृता. भिंतीशी बोलतोय का मी?" तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं, चहा गाळताना. "काल तू विचारलंस ना..."

"ते काल होतं गं," तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणायचा. "मूव्ह ऑन कर."

त्यांच्या सोसायटीत कोणी पाहुणा फाटकाशी आला की घरच्याच्या मोबाइलवर घंटा वाजायची, आणि थोड्या वेळात होकार दिला नाही तर पाहुणा तिथेच थांबायचा. रणजीतची आई पुण्याहून आली तेव्हा अशीच उन्हात उभी राहिली. अमृताने होकाराचं बटण दाबलं तेव्हा घंटा बंद झाली होती. सासूबाईंनी पुढे वर्षभर आल्यागेल्याला ती गोष्ट सांगितली. "आमच्या सूनबाईंनी मला फाटकाबाहेर ठेवलं हो." लोक हसायचे. अमृता हसावं की नाही या विचारात असायची.

तरी हे सगळं चाललं असतं कदाचित. पोहण्याच्या तलावाचं झालं आणि मग काही चाललं नाही.

सोसायटीत लहान मुलांचा उथळ तलाव होता आणि त्याला लागून मोठ्यांचा. ध्रुव तेव्हा चार वर्षांचा. तो कठड्यावरून चालत मोठ्या तलावाकडे गेला आणि घसरला. अमृता काठावर होती. तिने त्याला जाताना पाहिलं होतं, पडतानाही पाहिलं. कार्तिक नावाच्या मुलाच्या आईने कपड्यांसकट उडी मारून त्याला वर काढलं. ध्रुव थोडा वेळ खोकला, रडला आणि आइस्क्रीम मागू लागला. एवढंच झालं. पण तिथे कॅमेरा होता. संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत सोसायटीच्या ग्रुपवर फिरली, आणि रणजीतने ती जपून ठेवली.

अमृताने ती एकदाच पाहिली. तीत एक बाई उभी आहे. पाण्यात मूल हातपाय मारतंय आणि ती बाई नुसती उभी आहे. अमृताला त्या दिवसाचं आठवत होतं ते फार वेगळं होतं. आत सगळं धावत होतं. ध्रुव, पाणी, खोली, आपल्याला पोहता येत नाही, काठावरची हवेची ट्यूब, ओरडावं का, कोणाला. पाय निघालेच होते. ती पोचली असती. नक्की पोचली असती. पण केव्हा, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि हा एक प्रश्न असा होता की कितीही वेळ दिला तरी त्याचं उत्तर येत नव्हतं.

त्यानंतर महिन्याभराने ती ध्रुवला घेऊन जयनगरला बाबांकडे आली.

समुपदेशक बाईंची खोली लहान होती. टेबलावर फायलींचे गठ्ठे, एका कोपऱ्यात मुलांसाठी ठेवलेलं लाकडी घर. बाई पन्नाशीच्या, चेहऱ्याने थकलेल्या पण बोलायला मऊ. मूल ज्या घरात राहतं त्या घरातली माणसं त्यांना पाहायची होती, म्हणून रत्नाकरांनाही आत बोलावलं होतं. शिवलीला बाहेर थांबली. आत सोडताना तिने बाईंना सांगितलं, की माझ्या अशिलाला बोलायला थोडा वेळ लागतो. बाई म्हणाल्या, सरी, ठीक आहे, मला घाई नाही.

त्या कन्नडमध्ये बोलू लागल्या. अमृताचं कन्नड चांगलं होतं, ती इथेच वाढलेली. पण घरी तालीम मराठीत झाली होती, आणि ही गोष्ट तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. पहिल्या प्रश्नाला ती अडखळली. मग पाठ केलेली उत्तरं कन्नड करून देता येतात असं तिला दिसलं, आणि ती देत गेली. खाणं, झोप, शाळा, खोकल्याचं औषध. रत्नाकर शेजारच्या खुर्चीवर मान हलवत होते. वर्गात मुलगी कविता म्हणत असताना बाप हलवेल तशी.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ही उत्तरं पाठ करून आलात का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "हरकत नाही. सगळेच येतात. आता एक प्रश्न मी विचारते, त्याचं तुमचं तुम्ही सांगा. तो तलावाचा व्हिडिओ मी पाहिला आहे. उद्या मुलाला अचानक काही झालं, तर तुम्ही काय कराल?"

मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "निधानवागी हेळी," त्या म्हणाल्या. सावकाश सांगा.

आणि त्या खरंच थांबल्या.

अमृताला हे नवीन होतं. प्रश्न आला, आणि त्याच्यावर दुसरा आला नाही. तो तिच्यासमोर एकटाच राहिला. तिने आधी त्याचं मराठी केलं. मग त्यातला 'अचानक' हा शब्द पुढे आला. पहिलं उत्तर होतं, मी धावेन. ते तिने बाजूला ठेवलं, कारण ते खरं नव्हतं. दुसरं होतं, मी कोणाला तरी हाक मारेन. तेही पुरतं खरं नव्हतं. मग ती गेल्या दोन वर्षांत काय करत आली ते तिला दिसू लागलं, सुटं सुटं. रस्ता यायच्या कितीतरी आधी ती ध्रुवचा हात धरते. द्राक्षं बशीत येण्याआधी चिरलेली असतात. जिना उतरताना ती त्याच्या एक पायरी खाली असते. जयनगरच्या तलावावर पोहण्याच्या वर्गाला ती आधी स्वतः पाण्यात उतरून उभी राहते आणि मग त्याला ये म्हणते. इतर आया काठावर बसून बोलत असतात. हे सगळं एकच आहे हे तिला तोवर कधी कळलं नव्हतं. आता कळत होतं. मला अचानक काही जमत नाही. म्हणून मी आधीच तिथे असते.

हेच. यात खोटं काही नव्हतं, आणि हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. ती त्याचं कन्नड करू लागली. बाहेर कोणीतरी नाव पुकारत होतं. पंखा फिरत होता. बाई टेबलावर हात ठेवून तिच्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात कंटाळा नव्हता.

रत्नाकरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मानसतज्ज्ञ बाईने सांगितलेलं ते विसरले नव्हते. ते ओठ मिटून बसले होते. पण ती शांतता त्यांना फार लांब वाटली असावी. त्यांच्या लेखी आपली मुलगी बुडत होती, आणि ते काठावर उभे होते.

अमृताने तोंड उघडलं. "नानु..." ती म्हणाली. मी.

"मॅडम, मी असतो ना," रत्नाकर म्हणाले. ते इंग्रजीत बोलले, बैठकीत बोलत तसे. "काळजीचं कारणच नाही. मी चोवीस तास घरी असतो. मुलाला मी तिच्याबरोबर मिनिटभरही एकटं सोडत नाही."

यातलं शेवटचं वाक्य खरं नव्हतं. ते बोलण्याच्या भरात येऊन गेलं.

बाईंची नजर अमृतावरून हलली आणि त्यांच्याकडे गेली. "म्हणजे मुलाकडे तुम्ही बघता?"

"हो, हो. रस्ता, आंघोळ, बस, सगळं मी."

"तुमचं वय?"

"शहात्तर."

बाईंनी पेन उचललं. काही लिहिलं. मग अमृताला विचारलं, "हे बरोबर आहे ना, अम्मा?"

हा दुसरा प्रश्न होता. पहिल्याच्या उत्तरावर तो येऊन पडला आणि ते उत्तर मोडलं. आता तिला आधी बाबांचं वाक्य खोडायचं होतं, मग स्वतःचं सांगायचं होतं, आणि बाबांना खोटं न पाडता ते कसं करायचं हेही ठरवायचं होतं. ती बाबांकडे बघत राहिली. बाईंनी थोडी वाट पाहिली. पूर्वीइतकी नाही; उत्तर त्यांना मिळालं होतं. "सरी," त्या म्हणाल्या आणि फाइल बंद केली.

बाहेर शिवलीला बाकावरून उठून आली. "काय झालं?"

"चांगलं झालं," रत्नाकर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते हसत होते. "शेवटी जरा अडकली होती. मी सावरून घेतलं."

शिवलीलाने अमृताकडे पाहिलं. मग रत्नाकरांकडे. "तुम्ही बोललात?"

"एकच वाक्य गं."

रिक्षा साउथ एंडच्या सिग्नलला थांबली तेव्हा अमृता म्हणाली, "मी आधीच तिथे असते."

"कुठे?" रत्नाकरांनी विचारलं.

तिने सांगितलं. हात, द्राक्षं, पाणी. सावकाश, एकामागून एक. रत्नाकर ऐकत होते. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढे गेल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की अमृताने उरलेलं सांगितलं नाही.

आदेश आला त्या दिवशी शिवलीलाने कोट काढला नाही आणि कॉफीही मागितली नाही. उभ्यानेच तिने मराठीत सांगितलं. निकाल लागेपर्यंत ध्रुव वडिलांकडे राहील. शनिवार-रविवार आईकडे, आजोबांच्या उपस्थितीत. उपस्थितीत म्हणजे पूर्ण वेळ.

"आणि माझी तब्येत बिघडली तर?" रत्नाकरांनी विचारलं.

"तर त्या आठवड्यात नाही."

"मी गेलो तर?"

शिवलीला आदेशाची पानं पुन्हा मागे उलटू लागली.

"पुन्हा अर्ज करू या," ती म्हणाली. "तो अहवालही लावू आता. पण मी खोटी आशा दाखवत नाही, काका. बाईंनी लिहिलंय ते तुमच्याच तोंडचं आहे. आजोबा मुलाला आईकडे एकटं सोडत नाहीत. ते पुसायचं तर तुम्ही तिथे खोटं बोललात असं म्हणावं लागणार. मग तुमच्या भरवशावर दिलेले दोन दिवसही जातील."

ध्रुवची पुस्तकं, बूट आणि निम्मे कपडे न्यायला रणजीत स्वतः आला. तो जिंकल्यासारखा वागला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "अंकल, वीकेंडला तुम्ही असणार ना? फुल टाइम? सॉरी, मला विचारावं लागतं."

"असणार," रत्नाकर म्हणाले.

आता शनिवारी ध्रुव येतो तेव्हा रत्नाकर सगळीकडे असतात. आई आणि मुलगा गच्चीवर गेले की ते गुडघ्यावर हात ठेवत जिना चढतात. बागेत गेले की बाकावर बसतात आणि हातातलं पुस्तक उघडतसुद्धा नाहीत. ध्रुव न्हाणीघरात असला की बाहेर स्टूल टाकून बसतात. कोणी तपासायला येत नाही. पण ध्रुव सहा वर्षांचा आहे आणि सोमवारी त्याला विचारलं जातं.

"आजोबा, तुम्ही सारखे का येता मागे?" त्याने एकदा विचारलं.

"मी पहारेकरी आहे."

"माझे की आईचे?"

रत्नाकर अमृताकडे बघू लागले. ध्रुवने त्यांची फार वेळ वाट पाहिली नाही. तो आता पटपट बोलू लागला आहे. महादेवपुऱ्याच्या घरात सगळे पटपट बोलतात. आईला काही विचारलं आणि ती विचारात पडली की तो स्वतःच म्हणतो, "नको? ओके," आणि निघून जातो. परवा पार्कच्या फाटकाशी भेळवाल्याने अमृताला विचारलं, तिखट किती. ती विचार करत होती. ध्रुव म्हणाला, "शी वॉन्ट्स लेस स्पायसी," आणि तिला तिखट कमीच हवं होतं.

रत्नाकरांनी ते ऐकलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मागच्या रविवारी दुपारी रणजीत ध्रुवला घेऊन गेल्यावर घर एकदम मोठं झालं. अमृता जमिनीवर पसरलेले खडू गोळा करत होती. रत्नाकर खुर्चीत बसले होते. आठवडाभर त्यांच्या छातीत दुखत होतं. डॉक्टरकडे ते गेले नव्हते, आणि का गेले नव्हते हे दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरने भरती व्हायला सांगितलं असतं तर शनिवार गेला असता.

"अमृता," ते म्हणाले. "एक विचारू?"

ती थांबली.

"मी त्या दिवशी बोललो नसतो तर काय झालं असतं?"

मग तिने काही म्हणायच्या आत त्यांनी हात वर केला. "घाई नाही. सावकाश सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ते खरंच बोलले नाहीत. मानसतज्ज्ञ बाईने सांगितलं होतं तसे, हात मांडीवर ठेवून, तिच्याकडे बघत बसले. खिडकीखालून नारळपाणीवाल्याची गाडी गेली. शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. त्यांना ही शांतता सोसणं जड जात होतं हे त्यांच्या मानेवरच्या शिरेवरून दिसत होतं, तरी ते बसून राहिले. इतकं चांगलं वाट बघणं त्यांना आयुष्यात प्रथमच जमलं होतं.

अमृता हातातले खडू एक एक करून डब्यात ठेवत होती. या प्रश्नाला तिला वेळ लागला नव्हता. त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच तिच्याकडे उत्तर होतं. दोन शब्दांचं, ध्रुवच्या नावापासून सुरू होणारं, मराठीतलं, अगदी तयार.

तिने ते सांगितलं नाही. खडू संपले तरी ती डब्यातच बघत राहिली. आणि रत्नाकर, उत्तर अजून यायचं आहे असं समजून, थांबून राहिले.